दंड भरून घ्यायचा की ओढा साफ करून घ्यायचा?

कारखान्याचं सांडपाणी ओढ्यात उतरलंय, नमुने हातात आहेत. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणापुढच्या अर्जात मागायचं काय, भरपाईची रक्कम की ओढा पूर्ववत करण्याचं काम?

रकमेची वाट सोपी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र ठरलेलं आहे. लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणाच्या वर्गातला मध्यम उद्योग (वर्गाचा गुणांक ८०), दहा लाखांखालची वस्ती, दर २५० रुपये धरला तर ८० × २५० म्हणजे रोजचे २०,०००. ६० दिवसांचे १२ लाख. मुख्यतः उल्लंघनाचे दिवस सिद्ध करायचे, त्यामुळे वाद कमी.

मला खटकतं ते एवढंच, की या सूत्रात ओढा कुठेच नाही. गाळ किती साचला, विहिरी किती नासल्या, याला त्यात जागा नाही. मंडळानं आकारलेली रक्कम मंडळाकडे जाते; पर्यावरणाच्या हानीपोटी न्यायाधिकरणानं ठरवलेली हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २४ नुसार देशपातळीवरच्या पर्यावरण साहाय्य निधीत. पैसे भरले की फाइल मिटते, गाळ तिथंच.

म्हणून माझा कल दुसरीकडे: त्याच कायद्याच्या कलम १५ खाली पर्यावरण पूर्ववत करून मागायचं. पण मागणी मोघम नको. गट क्रमांक, लांबी, गाळाची खोली लिहा. एक किलोमीटर, तीन मीटर रुंद, ०.४ मीटर थर म्हणजे १,२०० घनमीटर गाळ. उपसण्याआधी तो तपासून घ्यायचा. घातक निघाला तर शेतात पसरता येत नाही, तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रात न्यावा लागतो आणि वाहतुकीनंच अंदाजपत्रक फुगतं.

गाडी घसरते ती इथं: न्यायाधिकरणानं नेमलेल्या समितीचा आराखडा वृक्षारोपणावर येऊन थांबतो, नाहीतर कारखाना स्वतःचाच सांडपाणी प्रकल्प दुरुस्त करून तो खर्च ‘ओढ्यासाठी’ दाखवतो. दोन्ही वगळण्याची मागणी अर्जातच घाला. हा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, दाखवायलाही आडकाठी घाला. कायद्यानं बंधनकारक असलेला खर्च त्यात मोजता येत नाही.

अर्थात कारखान्याच्या वरच्या अंगाचा नमुना नसेल, तर ‘हे आधीपासूनच होतं’ हा बचाव भारी पडतो. तेव्हा रकमेची वाटच बरी म्हणावी लागेल. मुदत दोन्हीकडे सांभाळा: भरपाई आणि पूर्ववत करणं, दोन्हींसाठी कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षं. भरपाईचा आकडा मागितला, तर त्यावर एक टक्का शुल्क पडतं.

कामाचा शेवटचा हप्ता पावसाळ्यानंतरच्या विहिरीच्या नमुन्याला बांधून मागा. उन्हाळ्यात स्वच्छ दिसणाऱ्या पात्रात काठचा उरलेला गाळ पहिल्याच पुरात पुन्हा उतरतो.