क्षयरोगाचा सरकारी उपचार: आमचा अनुभव
आईच्या फुफ्फुसाच्या क्षयरोगावर सरकारी केंद्रात सहा महिने मोफत उपचार झाले आणि ती बरी झाली, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पहिल्याच दिवशी तिथल्या ताईंनी गोळ्यांचे पाकीट दाखवत "लघवी नारिंगी होईल, घाबरू नका," असे बजावले, त्यामुळे आमचा मोठा घोर टळला. वजन करण्याची आठवण मात्र दर वेळी आम्हालाच द्यावी लागली, आणि ही चूक लहान नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधील 'रेशन्स' नावाच्या पोषणाविषयीच्या संशोधनात रुग्णाच्या कुटुंबालाही पोषक शिधा दिल्याने घरातील इतरांना क्षयरोग होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले, तर पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढलेल्या रुग्णांना मृत्यूचा धोका कमी आढळला. क्षयरुग्णांना पोषक आहारासाठी सरकार देते ते निक्षय पोषण योजनेचे पैसे आम्हाला तिसऱ्या महिन्यात मिळाले. तोवर डाळ-अंडी पदरमोड करूनच आणली.