डायऑप्टर रिअर साइट: बारीक क्लिक आणि विश्वासू क्लिक

स्पर्धेच्या एअर रायफलीसाठी मागची साइट (नेम धरण्याचे साधन) घ्यायला निघालेल्या माणसाला सर्वांत आधी एका क्लिकमध्ये, म्हणजे साइटचे चाक एक खटका फिरवल्यावर, नेम किती सरकतो हे सांगितले जाते. आकडा जितका लहान, तितकी साइट उत्तम, असा समज त्यातून आपोआप तयार होतो. मधल्या दर्जाची, उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना मायक्रोमीटर पद्धतीने फिरणारी एक डायऑप्टर साइट बराच काळ वापरल्यानंतर माझे मत वेगळे झाले आहे. क्लिक बारीक असणे ही फार तर निम्मी गोष्ट आहे. प्रत्येक क्लिक दुसऱ्या क्लिकइतकाच असणे आणि सरकवलेली साइट मोजून परत आणल्यावर नेमकी जुन्या जागी येणे, ही खरी कसोटी होय. निर्मात्याचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे ज्या दोषांविषयी लिहिले आहे ते एका नगापुरतेही असू शकतात, आणि एका नगावरून संपूर्ण मालिकेला नावे ठेवणे योग्य नाही.

रायफलीबरोबर आलेली मूळ साइट उघड्या खाचेची होती. अशा साइटमध्ये मागची खाच, नळीच्या टोकावरची पुढची साइट आणि लक्ष्य या तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी डोळ्याला एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकत असल्याने मागची खाच नेहमीच धूसर राहते. डायऑप्टरमध्ये खाचेच्या जागी साधारण एक मिलिमीटरचे गोल छिद्र असते आणि डोळा त्यातून आरपार पाहतो. छिद्र लहान असल्यामुळे दृश्याची खोली वाढते, म्हणजे पुढची साइट आणि काळे लक्ष्य दोन्ही पुरेशी रेखीव दिसतात. शिवाय गोलात गोल मध्यभागी आणण्याचे काम डोळा फारसा विचार न करता करतो. चाळिशी ओलांडलेल्या नेमबाजांना उघडी साइट सोडून छिद्राच्या साइटवर आल्यावर जो दिलासा वाटतो, त्याचे कारण हेच आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांनुसार रायफलीच्या साइटमध्ये भिंग किंवा भिंगांची रचना चालत नाही, त्यामुळे स्पर्धक डायऑप्टरच्या या साध्या छिद्रावरच विसंबून असतात.

आता क्लिकच्या आकड्याकडे वळू. या साइटच्या एका पूर्ण फेऱ्यात २० क्लिक आहेत आणि एका क्लिकला छिद्र ०.०२ मिलिमीटर सरकते. लक्ष्यावर याचा परिणाम किती होतो, हे दोन्ही साइटमधील अंतरावर अवलंबून असते. माझ्या रायफलीवर हे अंतर ८०० मिलिमीटर आहे. तेव्हा १० मीटरवर एका क्लिकला छऱ्याची जागा ०.०२ गुणिले १०,००० भागिले ८००, म्हणजे ०.२५ मिलिमीटर बदलते. १० मीटर एअर रायफलीच्या लक्ष्यावर एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंतचे अंतर २.५ मिलिमीटर असते, त्यामुळे दशांश गुणांकनात एका दशांशाची किंमत बरोबर ०.२५ मिलिमीटर येते. म्हणजे या साइटचा एक क्लिक म्हणजे गुणातील एक दशांश. ज्या स्पर्धेत दहाचे वर्तुळ अवघे अर्ध्या मिलिमीटर व्यासाचे असते आणि छरा स्वतः ४.५ मिलिमीटरचा असतो, तेथे हा मेळ मला फार सोयीचा वाटला. पडद्यावर ग्रुपचा, म्हणजे सलग मारलेल्या फैरींच्या पुंजक्याचा, मध्य १०.४ च्या रेषेवर नेमका उजवीकडे दिसला, तर मधोमध येण्यासाठी सहा क्लिक लागतात हे कागद-पेन्सिल न घेता सांगता येते.

ज्यांच्या रायफलीवर दोन साइटमधील अंतर कमी आहे त्यांनी हा हिशेब पुन्हा करावा. तेच अंतर ६०० मिलिमीटर असेल तर तोच क्लिक लक्ष्यावर ०.३३ मिलिमीटर चालतो. नळीच्या पुढे नळकांडे जोडून पुढची साइट लांब नेणारे लोक क्लिक अधिक बारीक करून घेत असतात, ही बाब बरेच जण विसरतात आणि नंतर साइट ‘मंद’ झाली अशी तक्रार करतात. ५० मीटरवर हीच साइट .२२ रायफलीवर लावली, आणि तिथेही दोन साइटमधील अंतर ८०० मिलिमीटरच असेल, तर एका क्लिकला १.२५ मिलिमीटर मिळतात. तेथील वर्तुळे ८ मिलिमीटर अंतराने असल्यामुळे ही चाल दीड दशांशाच्या आसपास जाते, आणि तेवढी बारकाई पुरेशी आहे.

येथवर सगळे कागदावरचे झाले. साइट खरोखर तेवढीच चालते का, हे पाहण्यासाठी रायफल रिकामी असल्याची खात्री करून, नळीत सुरक्षा ध्वज घालून, ती टेबलावर पक्की बसवली आणि छिद्राच्या चौकटीला ०.०१ मिलिमीटर वाचणारे डायल गेज टेकवले. डावी-उजवीची चाल निर्दोष निघाली: २० क्लिकला ०.४० मिलिमीटर, कोणत्याही भागात मोजले तरी तेवढेच, आणि उलट फिरवल्यावर काटा पुन्हा शून्यावर. वर-खालीच्या चालीत मात्र गंमत दिसली. साइट वर नेताना माप अचूक येत होते; दिशा बदलून खाली आणायला सुरुवात केली की पहिल्या दोन क्लिकला चाक फिरे, खटका जाणवे आणि काटा जागचा हलत नसे. म्हणून २० क्लिक खाली आणल्यावर ०.४० ऐवजी ०.३६ मिलिमीटरच भरले. स्क्रूच्या आट्यांतील या मोकळ्या चालीला कारागीर ‘प्ले’ म्हणतात. तो आतील स्प्रिंगने ओढून धरायचा असतो. या नगात ती स्प्रिंग डावी-उजवीला पुरेशी ताठ आहे आणि उभ्या दिशेला नाही, असे दिसते.

दोन क्लिक म्हणजे अर्धा मिलिमीटर, म्हणजेच दोन दशांश. सरावात हे फारसे बोचत नाही, पण स्पर्धेत सराव-फैरींच्या वेळी ग्रुप जरा वर दिसला, दोन क्लिक खाली घेतले आणि काहीच फरक पडला नाही, की नेमबाज आपल्या मुद्रेवर, श्वासावर आणि चापावर संशय घेऊ लागतो. साइटच्या दोषाचे खापर शरीरावर फुटते. मोठा क्लिक माहीत असला तर हिशेबात धरता येतो. कधी चालणारा आणि कधी न चालणारा क्लिक हिशेबात धरता येत नाही. यावर जुनी आणि खात्रीची युक्ती अशी की अंतिम जागेवर नेहमी एकाच दिशेने पोहोचावे: खाली यायचे असेल तर चार-पाच क्लिक जास्त खाली जावे आणि मग मोजून वर यावे. ही सवय लागल्यावर माझा त्रास संपला. तरीही साइटच्या दर्जाला ही उणीव शोभत नाही हे लिहायलाच हवे.

डायल गेज नसलेल्यांना लक्ष्यावरच चौकोनाची चाचणी घेता येते. रायफल टेकवून एक ग्रुप मारावा, मग ४० क्लिक उजवीकडे, ४० वर, ४० डावीकडे आणि ४० खाली अशी साइट फिरवत प्रत्येक कोपऱ्यावर ग्रुप मारावा. नेम मात्र सतत एकाच मध्यावर धरावा. वरच्या हिशेबाने बाजू १० मिलिमीटरची यायला हवी आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर बसायला हवा. येथे शेवटचा ग्रुप थोडा वर राहिला, आणि जेवढा राहिला तेवढे अंतर गेजवर दिसलेल्या प्लेशी जुळत होते. चौकोन तिरका आला तर साइटला दोष देण्यापूर्वी रायफल एका अंगाला कलती धरली गेली नाही ना, हे पाहावे. रायफल १० अंश कलती असेल तर साइटही तेवढीच कलते, आणि दहा क्लिक वर घेतल्यावर जवळपास पावणेदोन क्लिकची आडवी चाल फुकट पदरात पडते.

चाकांवरच्या खुणांबाबत इशारा द्यायला हवा. जर्मन पद्धतीच्या अनेक साइटवर बाणांचा अर्थ ‘फैर जिकडे गेली आहे तिकडे फिरवा’ असा असतो; म्हणजे फैरी वर जात असतील तर ‘वर’च्या खुणेकडे फिरवल्यावर त्या खाली येतात. इतर काही साइटवर ‘फैर जिकडे न्यायची आहे तिकडे फिरवा’ असा अगदी उलट अर्थ असतो. या साइटवर दुसरी पद्धत आहे, पण सोबतच्या पत्रकात हे कोठेही स्पष्ट केलेले नाही. हाताखालून दोन प्रकारच्या रायफली जाणाऱ्या प्रशिक्षकांसाठी ही उणीव गंभीर आहे. एक नियम मात्र कोणत्याही खुणेशिवाय लक्षात ठेवता येतो: मागची साइट ज्या दिशेला सरकते त्याच दिशेला छरा सरकतो, आणि पुढच्या साइटचे याच्या बरोबर उलट असते. चौकट कोणीकडे सरकली हे डोळ्यांनी पाहिले की बाणांची गरज राहत नाही.

क्लिकचा स्पर्श मऊ आहे. शांत खोलीत तो ऐकू येतो, कानांवर संरक्षक लावल्यावर केवळ बोटांना कळतो, आणि जाड मोजा घातलेल्या हाताने तो मोजणे अशक्य होते. सुदैवाने चाके उजव्या हाताच्या आवाक्यात आहेत आणि त्या हातात सहसा मोजा नसतो. बारीक क्लिकची ही किंमत असते: एका फेऱ्यात खटके जितके जास्त, तितका प्रत्येक खटका उथळ. आन्शुट्झ या जर्मन कंपनीच्या ७००२ या परिचित डायऑप्टरसारख्या काही साइट एका फेऱ्यात १० आणि २० क्लिक अशा दोन रूपांत मिळतात. नवशिक्याला मी दहाचेच रूप सुचवीन. त्याचा ग्रुप अजून आठ-दहा मिलिमीटर पसरत असतो, आणि एका दशांशाने साइट हलवण्याची सोय हातात असली की तो प्रत्येक फैरीमागे धावत साइट फिरवत बसतो.

डोळ्याजवळची चकती बदलता येणारी आहे आणि तिचे आटे ९.५ मिलिमीटर व्यासाचे, १ मिलिमीटर अंतराचे, म्हणजे स्पर्धेच्या साइटमध्ये सर्वत्र चालणारे आहेत. म्हणून पुढे आयरिस (छिद्र लहान-मोठे करता येणारी चकती) बसवायची झाली तर वेगळा जोड लागत नाही. सोबत आलेल्या साध्या चकतीचे छिद्र १.१ मिलिमीटरचे आहे. चांगल्या प्रकाशात ते उत्तम काम देते. मंद प्रकाशाच्या रेंजवर काळ्या लक्ष्याभोवतालचा पांढरा भाग करडा दिसू लागतो आणि तेथे साधारण ०.५ ते ३ मिलिमीटरपर्यंत उघडणारी आयरिस हवीशी वाटते. मात्र छिद्र जितके लहान तितके दृश्य रेखीव, हे एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. एक मिलिमीटरच्या बरेच खाली गेल्यावर प्रकाश कमी पडतो, विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, कडा पुन्हा मऊ होतात आणि डोळा लवकर थकतो. आतल्या काळ्या लेपाविषयी एक तक्रार आहे: चकतीच्या मागच्या कडेवर तो पुरेसा निस्तेज नाही, त्यामुळे दिवा पाठीमागे असल्यास कडेला चकाकी येते. रबरी डोळाकवच लावल्यावर ती गेली, पण ते वेगळे घ्यावे लागले.

बसवणे सोपे आहे. ११ मिलिमीटरच्या रेलवर साइट सरकवून ॲलन कीने एकच स्क्रू आवळायचा. दोन स्क्रूंची पकड मला अधिक आवडली असती, परंतु वाहतुकीनंतरही साइट जागची हललेली आढळली नाही, तेव्हा हा माझा सोवळेपणा असू शकेल. रेलवरच्या जागेवर पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवावी. साइट उंच करण्यासाठी तिच्याखाली ठोकळा घालायचा असेल, तर पुढच्या साइटखालीही तेवढ्याच उंचीचा घालावा, नाहीतर चाकाची सगळी चाल तो फरक भरून काढण्यातच संपते. या साइटची उभी चाल एकूण ३ मिलिमीटर आहे, जी १० मीटरवर ३७.५ मिलिमीटर होते, लक्ष्याच्या ३०.५ मिलिमीटरच्या काळ्या भागापेक्षा ती थोडीच जास्त आहे.

जे १० मीटरवर नियमित ग्रुप मारतात आणि उघड्या खाचेच्या पुढे जाऊ इच्छितात, त्यांना ही साइट घ्यायला हरकत नाही. पिस्तूलवाल्यांच्या कामाची ती नाही, कारण हात लांब धरून डोळ्यापासून दूर असलेल्या छिद्रातून पाहता येत नाही. त्यांनी खाचेची रुंदी बदलता येणारी उघडी साइटच पाहावी. घेताना दुकानातच वर-खालीचे चाक एका दिशेने दहा क्लिक आणि लगेच उलट एक-दोन क्लिक फिरवावे, आणि त्या उलट क्लिकला चौकट लगेच हलते का, हे बोटाचे नख तिच्या कडेला टेकवून पाहावे. नखाला एकाच क्लिकची चाल कदाचित कळणार नाही, पण दोन-तीन क्लिक निष्फळ गेल्यास ते निश्चित कळते. तसे आढळले तर दुसरा नग मागावा.