फरशीवर जेमतेम, गादीवर पहिला नंबर

व्हॅक्यूम क्लीनर शेवटी कुठे जातो हे मला लहानपणापासून माहीत आहे. माळ्यावर. नव्वदच्या आसपास डोंबिवलीच्या घरी टाय लावलेला सेल्समन आला होता, युरेका फोर्ब्जचा. स्वच्छ दिसणाऱ्या सतरंजीवरून यंत्र फिरवून त्याने निघालेली धूळ फडक्यावर ओतून दाखवली, आई ओशाळली आणि बाबांनी हप्त्यावर युरोक्लीन घेतला. यंत्र दणकट होतं, त्याबद्दल वाद नाही. पण खोक्यातून काढा, नळ्या जोडा, वायर सोडवा आणि पुन्हा सगळं भरून ठेवा, एवढ्यात आईचा केर काढून फरशी पुसूनही व्हायची. पुढे तो फक्त दिवाळीला खाली उतरायचा. मग तेही बंद झालं.

म्हणून गेल्या दसऱ्याला घेतला तो बिनवायरचा, भिंतीला अडकवायचा. साडेतेरा हजार रुपये. या किमतीतले सगळे थोड्याफार फरकाने असेच असतात. आता अकरा महिने झाले.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, चौथ्या मजल्यावर. समोर मेट्रोचे खांब, मागे नवीन टॉवर. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटाने नाव लिहून घ्या. त्यात मुलाला धुळीची अ‍ॅलर्जी. डॉक्टरांनी सांगितलं, फरशीचं नंतर बघा, आधी गादी, उशा आणि पडदे.

पण नवीन वस्तू आली की माणूस पहिल्यांदा फरशीवरच फिरवतो. केस, धूळ, सांडलेला रवा हे तो एका झटक्यात घेतो. मोहरी मात्र घेत नाही. पुढचा ब्रश गरगर फिरत असतो, तो मोहरीला असा काही फटका मारतो की ती थेट फ्रिजखाली. ब्रश काढून नुसती नळी लावली तर मोहरी जाते, पण एवढ्यासाठी कोण खटाटोप करणार? चिवड्यातला शेंगदाणा नळीच्या वळणावर अडकतो. भिंतीकडेला बोटभर पट्टी तशीच राहते. आमच्या मावशींनी दोन दिवस बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, हे तुमचं चार्ज होईस्तोवर माझी तीन घरं होतात." केरसुणी काही सुटली नाही. लक्ष्मीपूजनाला पाटावर मान तिचाच होता आणि तो योग्यच होता. पलंगाखाली मात्र मावशी आता हाच मागून घेतात, दांडी आडवी होते, गुडघ्यावर बसावं लागत नाही.

गादीवर आल्यावर माझं मत बदललं. वर छोटी चादर, खाली फोमची गादी, दर रविवारी उन्हात नाही तरी गॅलरीत उभी करतो आम्ही. स्वच्छच समजत होते. छोटा ब्रश लावून सावकाश, एकेका पट्ट्यात फिरवला. डब्यात काय यावं? करडं, मैद्यासारखं मऊ पीठ, चांगलं वाटीभर. धुळीतले माइट्स, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे किडे, आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा, हे वाचलेलं होतं. डोळ्यांनी ते पीठ बघणं वेगळं. आता आठवड्याला गादी ठरलेली. मुलाच्या सकाळच्या शिंका कमी झाल्यात, पण औषधही चालू आहे, त्यामुळे सगळं श्रेय यंत्राला देणार नाही.

स्लायडिंग खिडक्यांच्या खाचांतही झकास काम. कबुतरांची पिसं, मातीचा थर, मेलेली पाखरं. आधी कोरड्या टूथब्रशने खरवडायचं, मग चपटी नळी. ओलं काही असेल तर अजिबात लावायचं नाही.

आणि आता रांगोळी. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दाराबाहेरची रांगोळी मी मोठ्या हौसेने याने ओढली. अर्ध्यावर यंत्र धापा टाकल्यासारखं चालू-बंद, चालू-बंद व्हायला लागलं, लाल दिवा लागला आणि गप्प. उघडलं तर फिल्टरच्या घड्याघड्यांत गुलाबी आणि हिरवी पूड गच्च बसलेली. सर्व्हिस सेंटरच्या मुलाने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, बारीक पावडर वॉरंटीत येत नाही." मग दिवाळीच्या जाहिरातीत रांगोळीशेजारी यंत्र उभं कशाला करता? नवीन फिल्टर अकराशे रुपये, तोही नऊ दिवसांनी आला. जुना मी धुऊन वाळवला, तो अजून चालतोय. त्यामुळे दोन आहेत ते बरंच झालं. धुतलेला फिल्टर पूर्ण २४ तास वाळवा असं पुस्तिकेत आहे, पण ठाण्याच्या जुलैत तो तीन दिवस दमटच राहतो आणि तसाच लावला तर घरभर ओल्या पायपुसण्याचा वास.

खोक्यावर हेपा फिल्टरचं कौतुक आहे. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक, ९९.९७ टक्के कण अडवतो. पण धुळीचा डबा कचऱ्याच्या बादलीवर उपडा केला की त्यातली निम्मी धूळ परत आपल्याच तोंडावर. डब्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, आतल्या आत झटकून, गाठ मारायची. हे मुलाला करू देत नाही.

दुकानात सगळे वॅट विचारतात. वॅट म्हणजे वीज किती खातो, ओढतो किती ते नव्हे. युरोपात २०१७ पासून वायरवाल्या घरगुती व्हॅक्यूमना ९०० वॅटची मर्यादा आहे, म्हणून तिथली घरं काही मळकट राहिली नाहीत.

राहिली बॅटरी. खोक्यावर ४५ मिनिटं. मी मोबाइलवर वेळ लावून बघितलं होतं, सुरुवातीला हळू वेगावर ३८, जोरात फक्त ११. गादीला जोरच लागतो, म्हणजे एका दमात एक डबल बेड आणि दोन उशा. परवा पुन्हा लावलं तर हळू वेगाला ३१ मिनिटं भरली. नव्या बॅटरीला साडेचार हजार सांगितलेत. वॉरंटी संपायला महिना आहे, या शनिवारी त्यांच्याकडे जाऊन बसणार आहे.