टायटनफॉल २ की बॅटलफील्ड १? दोघांनाही ८९, तरी निवड सोपी नाही

२१ ऑक्टोबर २०१६ ला बॅटलफील्ड १ हा नेमबाजीचा व्हिडिओ गेम आला आणि बरोबर आठवड्याने, २८ तारखेला, टायटनफॉल २. दोन्ही ईए या एकाच कंपनीने बाजारात आणले. पीएस४ (प्लेस्टेशन ४) आवृत्तीसाठी मेटाक्रिटिक या समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावरची सरासरीही दोघांची सारखीच, शंभरपैकी ८९. आता दोन्ही जुने झालेत, सेलमध्ये स्वस्तात मिळतात, सेकंडहँड डिस्कही सापडते. त्यामुळे नवा कन्सोल घरी आला की आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली मुलं हटकून विचारतात, दोन्हींपैकी एकच घ्यायचा तर कोणता?

माझं मत आधीच सांगतो. ठरलेली मित्रमंडळी नसेल, एकट्याने खेळायचं असेल, तर टायटनफॉल २. रात्री जेवणं झाल्यावर दोन-तीन मित्र रोज ऑनलाइन भेटणार असतील, तर बॅटलफील्ड १. ८९ या आकड्यावरून हे कळत नाही, कारण समीक्षकांनी दोघांना सारखे गुण दिले ते वेगवेगळ्या कारणांसाठी.

टायटनफॉल २ चं कौतुक समजून घ्यायचं तर पहिला टायटनफॉल आठवावा लागतो. मार्च २०१४ मध्ये तो एक्सबॉक्स वन आणि पीसीवर आला. भिंतींवरून धावणं, हवेत दुसरी उडी, आणि मीटर भरला की आकाशातून आपला टायटन, म्हणजे अवाढव्य यंत्रमानव, खाली बोलावणं, या गोष्टी लोकांना फार आवडल्या. पण कॅम्पेन, म्हणजे एकट्याने खेळायची कथा, त्यात नव्हतंच. कथा ऑनलाइन मॅचच्या मधेमधे पेरलेली होती, आणि समीक्षकांनी त्यावर नेमकं बोट ठेवलं. तो बनवणाऱ्या रिस्पॉन स्टुडिओने ते मनावर घेतलं. दुसऱ्या भागात पूर्ण कॅम्पेन आलं, आणि समीक्षकांनी सगळ्यात जास्त लिहिलं ते त्यावरच.

त्यात जॅक कूपर नावाचा साधा शिपाई आणि बीटी-७२७४ नावाचा त्याचा टायटन आहे. कथा सरळ आहे, लांबीही सहा तासांच्या आसपास. पण जवळजवळ प्रत्येक टप्प्यात एक नवी कल्पना येते, मनसोक्त वापरली जाते आणि लांबण लागण्याआधी बाजूला ठेवली जाते. एका टप्प्यात अजस्र कारखान्यात तुमच्याभोवती घरंच्या घरं तयार होत जातात, आणि त्या सरकत्या पत्र्यांवरून तुम्ही उड्या मारत जाता. दुसऱ्या एका टप्प्यात मनगटावरच्या यंत्राचं बटण दाबलं की तीच इमारत काही वर्षं मागे जाते: आताची पडझड नाहीशी होते, दिवे लागतात, पहारेकरी समोर उभे राहतात. पुन्हा दाबलं की परत पडकी. एका उडीच्या मध्यावर काळ बदलून दुसऱ्या भिंतीवर पाय टेकवायचा, हे पहिल्यांदा जमतं तेव्हा माणूस हरखून जातो. नेमबाजीच्या खेळांतला इतका सुंदर टप्पा माझ्या पाहण्यात दुसरा नाही, आणि तेव्हाच्या समीक्षकांनी त्याची जी स्तुती केली ती आजही शब्दशः खरी आहे. हा भाग सर्व्हरवर, म्हणजे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्या दूरच्या संगणकांवर, अवलंबून नाही. लाइट आहे तोवर चालेल.

बॅटलफील्ड १ चं उलट आहे. स्टॉकहोमच्या डाइस स्टुडिओने पहिलं महायुद्ध निवडलं, आणि समीक्षक भारावले ते मुख्यतः ऑनलाइन खेळावर. ६४ खेळाडू, घोडदळ, रणगाडे, कोसळणाऱ्या भिंती, चिखल, वरून जळत पडणारं प्रचंड हवाई जहाज. आवाजाचं काम तर आजच्या खेळांनाही भारी पडेल असं आहे. त्यातल्या ‘ऑपरेशन्स’ या खेळप्रकाराचं (मोडचं) विशेष कौतुक झालं: एक बाजू आघाडी पुढे रेटते, दुसरी मागे हटत हटत लढते, आणि एका मॅपवरची (रणांगणावरची) लढाई पुढच्या मॅपवर सुरू राहते.

एकट्याच्या कॅम्पेनमध्ये एक सलग कथा नाही. सुरुवातीला एक प्रस्तावना आणि मग ‘वॉर स्टोरीज’ या नावाने पाच छोट्या गोष्टी: ब्रिटिश रणगाडा, वैमानिक, आल्प्समधला इटालियन सैनिक, गॅलिपोलीतला ऑस्ट्रेलियन निरोप्या, आणि ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या ब्रिटिश अधिकाऱ्याबरोबर लढणारी बेदुइन (वाळवंटातल्या भटक्या अरब जमातीतली) तरुणी. प्रस्तावना विलक्षण आहे. तिथे तुम्ही जिंकायला नसताच. मराल तिथे पडद्यावर त्या सैनिकाचं नाव आणि जन्म-मृत्यूची वर्षं येतात, आणि खेळ तुम्हाला दुसऱ्याच्या जागी उभं करतो. पुढच्या गोष्टी मात्र कमी-जास्त दर्जाच्या आणि आखूड आहेत, हे समीक्षकांनी तेव्हाच नोंदवलं. पहिल्या दिवशी खेळात फ्रेंच आणि रशियन सैन्यच नव्हतं, यावरही टीका झाली. पहिलं महायुद्ध आणि फ्रान्स नाही! ते मार्च २०१७ मध्ये विकतच्या डीएलसीतून (नंतर उतरवून घ्यायच्या जादा भागातून) आलं, रशिया त्याच वर्षी सप्टेंबरात.

ग्वाल्हेरच्या माणसाला हे युद्ध परकं नाही. १९१४ मध्ये इथले महाराज माधवराव शिंदे यांच्या पुढाकाराने संस्थानिकांनी ‘लॉयल्टी’ हे रुग्णालय-जहाज दिलं होतं, आणि संस्थानाच्या तुकड्या पूर्व आफ्रिकेपर्यंत गेल्या होत्या. पूर्व आफ्रिकेची आघाडी या खेळात नाही, आणि ती कोणी तरी कधी तरी करावी असं मला मनापासून वाटतं. ग्वाल्हेरच्या लष्कर किंवा मुरार भागात कुणाच्या घरी पणजोबांचं पदक असेल, त्याला बॅटलफील्ड १ ची प्रस्तावना वेगळीच लागेल.

आता समीक्षा वाचण्याबद्दल. ऑनलाइन खेळाची समीक्षा लिहिली जाते ती पहिल्या आठवड्यात, कधी त्याही आधी, मोजक्या लोकांच्या मॅचवर. नोव्हेंबर २०१४ मध्ये हेलो या नेमबाजीच्या खेळमालिकेच्या मास्टर चीफ कलेक्शन या संग्रहाला उत्तम गुण मिळाले, आणि विक्री सुरू झाल्यावर लोकांना मॅचच मिळेनात. समीक्षकांनी मुद्दाम काही लपवलं नव्हतं. लाखो लोक एकदम आल्यावर सर्व्हरचं काय होतं, हे त्यांना आधी पाहताच येत नव्हतं. म्हणून जुनी समीक्षा हाती घ्याल तेव्हा कॅम्पेनविषयीचा मजकूर जसाच्या तसा धरा, आणि ऑनलाइनविषयीचा मजकूर त्या वर्षापुरता.

टायटनफॉल २ च्या बाबतीत हा फरक फार मोठा ठरला. बॅटलफील्ड एका आठवड्याने आधी, आणि ४ नोव्हेंबरला कॉल ऑफ ड्यूटीचा इन्फिनिट वॉरफेअर. या दोघांच्या मध्ये तो चेंगरला, आणि गुण इतके असूनही विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली. रिस्पॉनने नंतरचे सगळे मॅप आणि मोड फुकट दिले, २०१७ मध्ये चौघांनी मिळून खेळायचं फ्रंटियर डिफेन्सही आलं. पुढे सर्व्हरवरच्या हल्ल्यांमुळे मात्र ऑनलाइन खेळ दीर्घकाळ जवळजवळ बंद पडल्यासारखा होता, आणि २०२३ मध्ये दुरुस्ती झाल्यावर लोक परतले. २०१६ ची कोणतीही समीक्षा हे सांगू शकत नव्हती. आज माणसं मिळतात ती मुख्यतः ‘अट्रिशन’ मोडमध्ये. नवख्याला तोच बरा, कारण मैदानात संगणकाने चालवलेले शिपाईही असतात. समोरच्या पट्टीच्या खेळाडूंपुढे टिकाव लागला नाही तरी तुमच्या संघाला तुमचा उपयोग होतो.

बॅटलफील्ड १ मध्ये कन्सोलवरही सर्व्हरची यादी उघडते आणि प्रत्येकापुढे पिंग, म्हणजे त्या सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारा वेळ, दिसतो. ही सोय ग्वाल्हेरसारख्या गावात फार मोलाची, कारण कुठे शिरतोय ते आधी कळतं. अडचण अशी की त्याची सगळी मजा ६४ माणसांची. आशियातला भरलेला सर्व्हर संध्याकाळी मिळाला तर सोनं, उशीर झाला की युरोपात जावं लागतं, आणि पिंग फार वाढला की धावत्या माणसाच्या पुढे नेम धरावा लागतो. टायटनफॉलचं अट्रिशन सहा विरुद्ध सहा, म्हणून मॅच भरायला थोडी माणसं पुरतात. त्यातही सुरुवातीच्या पडद्यावर डेटा सेंटर (सर्व्हर कुठल्या शहरातला हवा ते) निवडता येतं, पण ते बटण बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. पहिल्याच दिवशी ते उघडून सगळ्यात कमी पिंगचं सेंटर ठेवा.

माझ्या भाचीने विचारलं, “मामा, मी आणि दादा एकाच टीव्हीवर खेळू शकू ना?” नाही. दोन्हींतही स्प्लिट-स्क्रीन नाही. घरात दोघं भावंडं आणि एक कन्सोल असेल तर हे दोन्ही खेळ बाजूला ठेवून इन्फिनिट वॉरफेअर पाहा. समीक्षकांनी त्याला बरेच कमी गुण दिले, पण एका पडद्यावर दोघांना खेळता येतं, आणि अशा घरात ती गोष्ट गुणांपेक्षा महत्त्वाची. क्रॉस-प्लेही दोन्हींत नाही. मित्राकडे एक्सबॉक्स आणि तुमच्याकडे प्लेस्टेशन असेल तर एकत्र खेळणं विसरा. आणि दोन्ही मोठ्यांसाठीचे खेळ आहेत, अमेरिकेत सतरा वर्षं आणि त्यावरच्यांसाठीचं मानांकन मिळालेले. सहावी-सातवीतल्या मुलासाठी घेणाऱ्या काका-मावश्यांनी हे लक्षात घ्यावं. बॅटलफील्डमधला रक्तपात जास्त अंगावर येतो.

पैशांचं थोडक्यात. बॅटलफील्ड १ घ्याल तर ‘रेव्होल्यूशन’ आवृत्तीच घ्या, तिच्यात फ्रान्स-रशियासकट सगळ्या डीएलसी आहेत. टायटनफॉल २ ची साधी आवृत्ती पुरेशी आहे. प्लेस्टेशनवर ऑनलाइन खेळायला दोन्हींसाठी पीएस प्लस ही सोनीची वर्गणी लागते. टायटनफॉलचं कॅम्पेन तिच्याशिवायही पूर्ण खेळता येतं, आणि तेवढ्यात त्याची किंमत वसूल होते. बॅटलफील्ड पीएस प्लसशिवाय घेण्यात अर्थ नाही. ईए प्ले या ईएच्याच खेळांच्या वर्गणीत दोन्ही आहेत, तेव्हा मन ठरत नसेल तर एका महिन्याची वर्गणी भरा. त्या महिन्यात आधी टायटनफॉलचं कॅम्पेन संपवा, आणि मग आठवडाभर रोज तुमच्या नेहमीच्या वेळेला बॅटलफील्डची सर्व्हरची यादी उघडून किती सर्व्हर भरलेले दिसतात ते पाहा.