व्हिटबी गॉथ वीकेंडचं मार्केट: काय घ्यावं, काय स्टॉलवरच सोडावं

यूकेमध्ये राहत असाल आणि काळे कपडे मनापासून आवडत असतील तर व्हिटबी गॉथ वीकेंडचं मार्केट एकदा तरी बघाच, हे आधीच सांगून टाकते. फक्त तिथून अख्खा 'गॉथ लुक' उचलून आणायच्या विचाराने जाऊ नका. एखादी चांगली वस्तू आणायला जा. डोक्यापासून पायापर्यंतचा रेडिमेड लुक घेणारी माणसं तिथे एकमेकांसारखीच दिसतात आणि एकच वस्तू नीट शोधून घेणारी माणसं लांबून ओळखू येतात, हे मी तिथे पुन्हा पुन्हा बघितलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गॉथ म्हणजे गूढ, उदास रॉक संगीतावर आणि काळ्या कपड्यांवर जीव टाकणारी मंडळी, आणि व्हिटबी म्हणजे यॉर्कशरच्या समुद्रकाठचं मासेमारीचं छोटं गाव. टेकडीवर पडक्या ॲबीचे म्हणजे जुन्या मठाचे अवशेष, तिथे चढून जायला १९९ पायऱ्या, वर सेंट मेरी चर्च आणि त्याची वाऱ्याने झिजलेली थडगी. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत ड्रॅक्युला इंग्लंडात पाऊल ठेवतो तो इथेच, म्हणून १९९४ पासून गॉथ मंडळी इथे जमायला लागली आणि आता साधारण एप्रिलमध्ये आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास असं वर्षातून दोनदा गाव काळं होतं. मी लीड्सहून जाते, कोस्टलायनरची ८४० नंबरची बस यॉर्क, मॉल्टन, पिकरिंग करत मूर्सच्या माळरानातून जाते, वेळ बराच लागतो पण खिडकीची जागा मिळाली तर तो प्रवासच अर्धी ट्रिप आहे.

आता मार्केट. गावात वेगवेगळ्या हॉलमध्ये स्टॉल लागतात आणि ढोबळ मानाने दोन प्रकारचे विक्रेते असतात, एक मोठ्या ब्रँडचा माल ठेवणारे आणि दुसरे स्वतः बनवून विकणारे.

ब्रँडवाल्या एका स्टॉलवर एक ड्रेस सगळ्या मुली हातात घेऊन बघत होत्या, मीपण घातला. नाव लिहीत नाही कारण असला माल चार-पाच ब्रँड तरी विकतात. पुढे कॉर्सेटसारखी (कंबर आवळणारी ताठ चोळी) लेसिंग, म्हणजे दोरी ओवून आवळायची सोय, लांब बाह्या, खाली लेस, हँगरवर एकदम भारी दिसतो. पण लेसिंग ओढून बघितली तर ती नुसती वरून शिवलेली, उघडायचं काम करते बाजूची चेन. आतलं बोनिंग, म्हणजे आकार धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, प्लास्टिकचं, दोन बोटांत धरून वाकवलं तर वाकलं आणि तसंच वाकडं राहिलं, म्हणजे दिवसभर घालून बसलात की कंबरेपाशी ते असंच दुमडणार आणि मग बरगडीला टोचणार. वेलवेट पॉलिएस्टरचं. खिसा नाही. किंमत साधारण ७० पाउंड आणि टॅगवर मोठ्या अक्षरात छापलंय 'रोमँटिक गॉथ'. मला त्या टॅगचाच राग येतो. ड्रेस कसा आहे ते कापड आणि शिलाईने सांगायला हवं, इथे ते काम टॅगवर सोपवलंय, आणि पहिल्यांदाच आलेली एखादी सोळा-सतरा वर्षांची मुलगी तो टॅग वाचून आपण आता कोणत्यातरी गटात बसलो असं समजून पैसे देते.

ब्रँडवाल्यांची एक बाजू मात्र मांडायलाच हवी. त्यांच्याकडे साइझेस असतात. माझी एक मैत्रीण जाड आहे, सेकंडहँड दुकानात तिच्या मापाचं काळं काही मिळणं म्हणजे नशिबाचाच भाग, आणि त्या स्टॉलवर तिला ४एक्सएलपर्यंत चार वेगळे कट ट्राय करता आले, तिचा चेहरा बघण्यासारखा होता. ज्यांना शिवायला वेळ नाही किंवा येत नाही त्यांनी करायचं काय, हाही प्रश्न आहेच. त्यामुळे 'ब्रँडचं घातलं म्हणजे खोटा गॉथ' वगैरे जे लोक बोलतात ते मला अजिबात पटत नाही. ब्रँडचं जरूर घ्या, पण साधं घ्या, कोरा काळा स्कर्ट घ्या, चांगला लांब कोट घ्या, ज्याच्यावर वटवाघूळ आणि पेंटाग्राम आधीच छापलेलं नाही असं काहीतरी, म्हणजे पुढे त्याच्यावर तुम्हाला स्वतःचं काही करायला जागा राहील.

आणि तिथून थोडं पुढे गेलं की कॉर्सेट बनवणाऱ्या एका बाईंचा छोटा स्टॉल होता, मांडून ठेवलेले पीस अगदी मोजके. मी हात लावायच्या आधीच त्यांनी स्टूल पुढे केलं आणि म्हणाल्या बस. उभं राहून घेतलेलं माप कॉर्सेटला पुरत नाही, बसल्यावर मांडी आणि बरगडी यांच्यात जागा किती उरते ते बघावं लागतं, नाहीतर पुढची पट्टी मांडीत घुसते. मग त्यांनी एक अर्धवट शिवलेला पीस उलटा करून दाखवला: घट्ट विणीचं सुती कापड, कंबरेला आतून आडवी शिवलेली फीत म्हणजे ताण सगळा शिवणींवर येत नाही, बाजूंना स्प्रिंगसारख्या गुंडाळीचं स्पायरल स्टील जे दोन्ही बाजूंना वळतं, आणि मागे लेसच्या छिद्रांजवळ सपाट स्टीलच्या पट्ट्या. हा माल त्या ड्रेसच्या तिप्पट-चौपट किमतीला जातो, खोटं कशाला बोलू, पण तो शर्टावर घाला, साध्या ब्लाउजवर घाला, पंजाबी कुर्त्यावर घाला, प्रत्येक वेळी वेगळा दिसतो आणि सैल झाला तर त्याच बाई दुरुस्त करून देतात. त्यांच्या स्टॉलवर कुठेही 'गॉथ' असं लिहिलेलं नव्हतं.

हे मी इतकं ताणून का सांगतेय, तर या सगळ्या फॅशनची सुरुवातच मुळी दुकानातून झालेली नाही. १९८२ मध्ये लंडनच्या सोहोमध्ये गॉथ मंडळींचा बॅटकेव्ह क्लब सुरू झाला तेव्हा असले ड्रेस लावलेला रॅक कुठेच नव्हता, पोरं फाटलेले टाइट्स कापून हातात बाह्यांसारखे घालायची, जुन्या बाजारातून आजोबांच्या वयाचे कोट आणायची, केस क्रिंप करून स्प्रेने उभे करायची. आमच्या लीड्समध्येही तेच, इथल्याच क्लबांतून सिस्टर्स ऑफ मर्सी हा बँड १९८० मध्ये उभा राहिला. आणि गंमत नाही, खरोखर विचार करण्यासारखी गोष्ट आहे की त्यांचा गायक अँड्र्यू एल्ड्रिच काय किंवा गायिका सूझी सू काय, ज्यांच्याकडे बघून लोकांनी असे कपडे घालायला सुरुवात केली त्यांनी स्वतः 'गॉथ' हा शिक्का कायम नाकारला. ट्रॅड, रोमँटिक, सायबर, पेस्टल, कॉर्पोरेट वगैरे गॉथचे सगळे प्रकार नंतर आले. ऑनलाइन सर्च करताना हे शब्द उपयोगी पडतात, तेवढ्यापुरते जरूर वापरा, पण सकाळी कपाट उघडल्यावर मी आज कोणत्या प्रकारात बसते असा विचार करायचा म्हणजे ऑफिसचा युनिफॉर्मच झाला की.

मार्केटमध्ये साठीच्या आसपासचे एक गृहस्थ भेटले, लेदर जॅकेटवर पाठीमागे पांढऱ्या रंगाने हाताने काढलेली अक्षरं, मूळ रंग उडालेला आणि त्याच्यावर पुन्हा पुन्हा गिरवलेला, एक बाही तर चक्क दुसऱ्या जॅकेटची. त्या हॉलमध्ये असं दुसरं जॅकेट नव्हतं आणि असणं शक्यच नाही.

जेट. व्हिटबीला जाऊन जेट बघितलं नाही असं करू नका. हा काळा दगड म्हणजे खरं तर झाडाचं लाकूड, मंकी पझल नावाच्या झाडाच्या जातीतली झाडं साधारण १८ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या गाळात दबली आणि त्याचं हे झालं. १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट गेला, राणीने उरलेलं सगळं आयुष्य काळं घातलं आणि शोकात चालणारा दागिना म्हणून जेटला इतकी मागणी आली की या एवढ्याशा गावात हजारावर माणसं जेट कोरायच्या कामाला होती. म्हणजे आज आपण हौसेने घालतो तो काळा दागिना त्या काळच्या बायकांना रीत म्हणून घालावा लागायचा, किती दिवस घालायचा तेसुद्धा ठरलेलं. मी जेटचं पेंडंट घालते तेव्हा हे माझ्या डोक्यात असतं आणि त्यामुळे ते मला जास्त प्रिय आहे.

चर्च स्ट्रीटवर जेटची दुकानं आहेत. घेताना हातात घेऊन बघा, खरं जेट वजनाला अगदी हलकं आणि हाताला गार लागत नाही. दुकानदाराने माझ्यासमोर एक तुकडा बिनग्लेझच्या पांढऱ्या फरशीवर घासला तर चॉकलेटी रेघ उठली, खऱ्या जेटची हीच खूण. स्वस्तात 'फ्रेंच जेट' म्हणून विकतात ती काळी काच असते, ती जड आणि गार लागते. पण काच म्हणून तिला नाक मुरडू नका, आपल्या मंगळसूत्रातले काळे मणीही काचेचेच असतात की आणि दिसतात किती सुंदर. फक्त काचेचा भाव काचेएवढाच द्या.

चॅरिटी शॉप्स, म्हणजे दानात आलेल्या जुन्या वस्तू विकणारी दुकानं, बघितल्याशिवाय परत फिरू नका. गॉथ वीकेंडला तिथले लोक काळं सामान मुद्दाम पुढे काढून ठेवतात. मला तिथे पुरुषांचं जुनं वेस्टकोट मिळालं, पाठीला साटीन, पुढे लोकर, ६ पाउंड, बटणं लीड्सच्या कर्कगेट मार्केटमधून आणून बदलली आणि पाठीचा पट्टा आवळला की झालं. रंगवायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, सुती कपडा घरच्या मशिनमध्ये मस्त काळा होतो पण शिलाईचा दोरा बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा असतो, तो रंग धरत नाही, त्यामुळे पांढरा शर्ट काळा केलात की सगळी शिवण पांढरी उठून दिसते. मला ते फार आवडतं, मुद्दाम तसे शर्ट शोधते. ज्यांना नको असेल त्यांनी आधी आतल्या लेबलवर कापड काय लिहिलंय ते बघूनच घ्या.

गेल्या वेळी मी काळी चंद्रकळा नेसून गेले होते, नऊवारी, लाल काठाची, कासोटा घालून. खाली काळे बूट, वर तेच वेस्टकोट, डोळ्यांत भरपूर काजळ, नाकात नथ. १९९ पायऱ्या आणि वरचा वारा, लांब स्कर्टवाल्या सगळ्या जणी घेर सावरत चढत होत्या आणि मी कासोट्यात आरामात वर पोचले, इतकी सोयीची गोष्ट आपल्याकडे पडून आहे आणि आपण ती वर्षात एकदा काढतो. चर्चजवळ एका मुलीने अगदी कुतूहलाने विचारलं की हे कोणत्या टाइपमध्ये येतं. मी तिला सांगितलं की आमच्याकडे एरवी शुभकार्याला काळं चालत नाही पण संक्रांतीला मात्र हौसेने काळी साडी नेसतात, थंडीचे दिवस असतात म्हणून. तिने काठ हातात घेऊन बघितला, कासोटा कसा घालतात ते विचारलं, मोबाईलमध्ये लिहून घेतलं. टाइपचं पुन्हा काही विचारलं नाही. मला विचाराल तर अख्ख्या वीकेंडमधला माझा सगळ्यात गॉथ दिवस तोच होता आणि त्यातली एकही वस्तू गॉथ दुकानातली नव्हती.

तिथे काही जण व्हिक्टोरियन वेशात नुसते फोटो काढून घ्यायला येतात आणि जुनी गॉथ मंडळी त्यांच्यावर चिडतात, यांना गाणी माहीत नाहीत म्हणून. त्यांचं म्हणणं चूक नाही, गाण्याशिवाय गॉथ हे नुसतं कापडच उरतं. पण कोणाला हाकलण्याइतकं ते महत्त्वाचं नाही असं मला वाटतं. व्हिटबीला सोफी लँकेस्टरच्या नावाचा एक बाक आहे. २००७ मध्ये लँकशरच्या बॅकप गावात या २० वर्षांच्या मुलीला आणि तिच्या मित्राला पोरांच्या टोळक्याने मारहाण केली, केवळ ते वेगळे दिसत होते म्हणून, आणि त्यात ती गेली. मारणाऱ्यांनी कोण कोणत्या प्रकारातलं आहे ते विचारलं नव्हतं. पुढे २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा हल्ल्यांची नोंद हेट क्राइम, म्हणजे द्वेषातून केलेला गुन्हा, म्हणून करायला सुरुवात केली. त्या बाकावर थोडा वेळ बसा.

बाकीचं पटकन. राहायची जागा कित्येक महिने आधी बुक करा, ऐनवेळी गावात काही मिळत नाही. खायला फिश अँड चिप्स आहेतच, व्हेज लोकांनी सोबत काहीतरी ठेवा. हॉलमध्ये सकाळी उघडताच शिरा, दुपारनंतर ट्रायल रूमला मोठी रांग लागते. स्वतः बनवणाऱ्यांकडे एका डिझाइनचा बहुतेक एकच पीस असतो, त्यामुळे आवडलं तर एक चक्कर मारून येते म्हणून ठेवून जाऊ नका. कॉर्सेट मापाचं हवं असेल तर ते तिथल्या तिथे मिळणार नाही, माप देऊन यायचं आणि नंतर पोस्टाने येतं, म्हणून पैसे तेवढे बाजूला ठेवूनच जा. मार्केटला माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो टॅग लावून विकणाऱ्यांसाठी.