जुना डीव्हीआर आणि एजचा आयई मोड: आठ महिन्यांनंतर

आमची सोसायटी पाचपाखाडीत, जुनी, चार मजली. २०१४ साली बसवलेले आठ कॅमेरे अजून ठणठणीत आहेत आणि तीच पंचाईत आहे. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, बंद पडला असता तर नव्याचा ठराव सभेत पाच मिनिटांत झाला असता. चालतोय म्हटल्यावर खजिनदार काका एक रुपया सोडणार नाहीत, आणि त्यांचंही चूक नाही.

डीव्हीआर मीटर रूममध्ये, वर लोखंडी पिंजऱ्यात. शिडी लावल्याशिवाय हात पोचत नाही, म्हणून फुटेज ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमधून बघायची आमची पद्धत. गेल्या जूनमध्ये ऑफिसात विंडोज ११चं मशीन आलं आणि चित्र गेलं. क्रोममध्ये लॉगिनचं पान यायचं, पासवर्डही चालायचा, पुढे काळा चौकोन आणि 'प्लगइन डाउनलोड करा'. केलं. चौकोन काळाच.

या डब्याला चित्र दाखवायला ॲक्टिव्हएक्स हे मायक्रोसॉफ्टचं जुनं प्लगइन-तंत्र लागतं, आणि ते चालायचं फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये. क्रोमने त्याच्याकडचे जुन्या धाटणीचे प्लगइन सप्टेंबर २०१५ मध्येच बंद केले, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये, तेव्हा फक्त फ्लॅशला सवलत ठेवून. एक्स्प्लोरर स्वतः १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. राहता राहिला मायक्रोसॉफ्टच्याच एज ब्राउझरमधला आयई मोड, म्हणजे जुनी पानं एक्स्प्लोररसारखी उघडायची सोय. तो निदान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे.

मोड सुरू करणं सोपं आहे. एजच्या सेटिंग्जमध्ये 'डिफॉल्ट ब्राउझर' या पानावर परवानगी द्यायची, डीव्हीआरचा पत्ता यादीत टाकायचा, एज एकदा बंद करून उघडायचं. पत्त्याच्या डावीकडे एक्स्प्लोररचं ते ओळखीचं चिन्ह आलं की समजायचं लागलं. पण तेवढ्याने आमचं चित्र आलं नाही. प्लगइनवर कोणाची डिजिटल सही नाही, म्हणून विंडोजने ते अडवलं.

कॅमेरेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, इंटरनेट ऑप्शन्समध्ये जाऊन ॲक्टिव्हएक्सचं सगळं एनेबल मारा, अँटिव्हायरस बंद करा, होऊन जाईल." झालं की! दोन दिवस मी खूश होतो, हे कबूल करतो. मग डोक्यात आलं की याच मशीनवरून आपण मेंटेनन्सच्या खात्याचे बँक व्यवहार करतो. ॲक्टिव्हएक्स म्हणजे पानातली सजावट नव्हे. तो पूर्ण प्रोग्रॅम असतो आणि लॉगिन केलेल्या माणसाला जेवढे अधिकार, तेवढे त्यालाही मिळतात. एका डब्यासाठी मी सगळ्या इंटरनेटला दार उघडून दिलं होतं.

सगळं पूर्ववत केलं. त्याऐवजी डीव्हीआरचा एकच पत्ता 'ट्रस्टेड साइट्स'मध्ये टाकला आणि सूट फक्त त्या यादीला दिली. तिथे एचटीटीपीएसची (सुरक्षित जोडणीची) सक्ती करणारी खूण काढावी लागते, कारण आमच्या डब्याला एचटीटीपीएस म्हणजे काय ते माहीतच नाही. हे करायला दहा मिनिटं लागतात. कॅमेरेवाले सांगत नाहीत, कारण त्यांना पुढच्या साइटवर जायचं असतं.

त्याच झटक्यात राउटर उघडून बघितला. चेअरमनना मोबाइलवर दिसावं म्हणून कॅमेरेवाल्याने डीव्हीआरचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं दार, बाहेरच्या जगाला खुला ठेवला होता आणि पासवर्ड कारखान्यातून आलेलाच! २०१६ साली मिराई नावाच्या घातकी प्रोग्रॅमने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या बड्या साइट्स काही तास लोळवल्या होत्या. त्याने नुसते ठरावीक पासवर्ड टाकून बघितले होते. मी पोर्ट बंद केला, पासवर्ड बदलला. गणपतीत चेअरमन गावी गेले, तिथून फोन: "अहो सेक्रेटरी, गेट दिसत नाहीये!" म्हटलं, साहेब, आता कोणालाच दिसत नाही. त्यांना पटलं की नाही देव जाणे.

आता खरी गोची. एजच्या आयई मोडच्या यादीत टाकलेला पत्ता ३० दिवसच टिकतो, मग परत टाकावा लागतो. मी हुशारी करून मेंटेनन्सची बिलं काढायच्या दिवशी, म्हणजे १ तारखेला, मोबाइलवर आठवण लावली. महिना ३१ दिवसांचा असू शकतो हे डोक्यातच आलं नाही. जुलैच्या ३१ तारखेला बी विंगमधल्या एकांची सायकल गेली. ऑफिसात एकटे खजिनदार काका, समोर काळा चौकोन, आणि मी मुलुंड सोडलेल्या गर्दीच्या लोकलमध्ये त्यांना फोनवर सांगतोय, "काका, वरचे तीन ठिपके दाबा." आमच्या १ टीबी डिस्कवर जेमतेम १२ दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, म्हणून निभावलं. आता आठवण दर २५ दिवसांनी वाजते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये या मोडचं टूलबारवरचं बटणही गेलं. या मोडातून लोकांच्या मशीनमध्ये शिरण्याचे प्रकार उघडकीला आल्यावर मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी ते काढलं. आता सेटिंग्जमधूनच जावं लागतं. काका वैतागले. मला मात्र बरं वाटलं, कारण चुकून भलतंच पान त्या मोडात उघडायची भीती गेली.

मधल्या काळात एक शोध लागला. थेट चित्रासाठी ब्राउझरच लागत नाही. डीव्हीआर आरटीएसपी (थेट व्हिडिओ पाठवायची पद्धत) देत असेल, आणि जुने बरेच देतात, तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ओपन नेटवर्क स्ट्रीम'ला पत्ता द्यायचा, पोर्ट बहुधा ५५४. पत्त्यातच पासवर्ड लिहावा लागतो, म्हणून नुसतं बघू शकेल असा वेगळा युजर केला. आठही कॅमेऱ्यांच्या प्लेलिस्ट डेस्कटॉपवर ठेवल्यात. आयई मोड आता फक्त मागचं फुटेज काढायला, महिन्यातून एखाद्या वेळी.

आयई मोडला माझे गुण पाचपैकी तीन. एक गुण त्या ३० दिवसांच्या मुदतीचा कापला, दुसरा माझे दोन दिवस मशीन उघडं राहिलं त्याचा. तो खरं तर माझाच कापायला हवा.

मार्चच्या सभेसाठी नव्या सेटची तीन कोटेशन्स आली आहेत. तिघांनाही मी एकच विचारलं: प्लगइन न टाकता फायरफॉक्समध्ये जुनं रेकॉर्डिंग दिसेल का? दोघं म्हणाले, "सर, ॲप आहे ना." तिसऱ्याने लॅपटॉप उघडून दाखवलं. त्याचं कोटेशन सर्वांत महाग आहे, आणि काकांनी ते आत्ताच गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलंय.