मुरघास बेलची फिल्म : हलका रोल की जाड? आठ महिन्यांचा अनुभव

सप्टेंबरात मक्याच्या मुरघासाचे, म्हणजे हिरवा मका कापून हवाबंद आंबवलेल्या चाऱ्याचे, 140 बेल (फिल्म गुंडाळलेले गोल गठ्ठे) केले, 60-70 किलोचे, छोट्या राउंड बेलरवर, म्हणजे गठ्ठे बांधायच्या मशीनवर. स्वस्तातले दोन हलके रोल आणले होते, पहिल्यात 80 च्या आसपास बेल झाले पण दुपारच्या उन्हात फिल्म सारखी तुटायला लागली म्हणून बेलरवाल्याने त्याच्याकडचा जाड रोल लावला. त्यामुळे एकाच रानाचा मका, एकच शेड आणि फिल्म वेगळी, असा फरक समोरच बघायला मिळाला.

दोन्हीवर छापलेलं सारखंच, 250 मिमी, 1800 मीटर, 25 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). उरलेला हलका रोल नंतर काट्यावर टाकला तर साडेआठ किलो भरला. आता हिशोब करा, पाव मीटर गुणिले 1800 म्हणजे 450 चौरस मीटर, 25 मायक्रॉनला चौरस मीटरमागे साधारण 23 ग्रॅम, म्हणजे आतली नळी सोडून 10 किलोच्या वर यायलाच पाहिजे. कमी भरला म्हणजे एकतर फिल्म 20 च्या आसपासची नाहीतर लांबी कमी, तिसरं काही नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणे सगळे हाच नेतात. खूप राग आला, कारण नुकसान जनावराच्या तोंडचं होतं.

फेब्रुवारीत हलक्या फिल्मचा बेल फोडला तर एका कडेला भाकरीएवढी पांढरी बुरशी, हात घातला तर गरम. नीट बघितलं तर कुट्टीतला (बारीक कापलेल्या चाऱ्यातला) मक्याच्या ताटाचा तिरका तुकडा आतून टोचून बाहेर आलेला, सुईएवढं भोक, पण चार महिने हवा तिथनंच आत जात होती. असे 11 निघाले. बुरशीचा भाग फेकला आणि राहिलेलं पण गाभण गायींना दिलं नाही. जाड फिल्मचे दोनच खराब, ते पण घुशीने कुरतडलेले, बाकी पिवळसर हिरवा माल, आंबूस गोड वास, गायी गव्हाण चाटून काढतात.

आता खरी गोष्ट. हलक्या फिल्मचे शेवटचे 10 बेल मी 4 ऐवजी 6 थरांचे करून घेतले होते, त्यातला एकही खराब नाही! मशीन फिल्म ताणूनच गुंडाळतं, ताणली की ती अजून पातळ होते, म्हणून थर महत्त्वाचे, एका थराचं भोक दुसऱ्या थराने झाकलं जातं. पण थर वाढवले की वाचलेलं प्लॅस्टिक परत लागलंच ना, मग स्वस्त कुठं पडलं? तुटून वाया गेलेली फिल्म वेगळीच.

यंदा रोल मोजूनच घेणार. दोन-अडीच महिन्यांत संपणाऱ्या मालाला जाड फिल्मचे 4 थर, उन्हाळ्यासाठी ठेवायच्या मालाला 6. कुट्टीच्या पात्यांना आधी धार लावणार. आणि बेल सपाट बाजूवर उभे ठेवा, तिथं फिल्म जास्त बसलेली असते. भोक दिसलं तर त्याच दिवशी पुसून कोरडं करून सायलेजची (मुरघासाची) टेप मारा, साधी खाकी टेप उन्हाने आठ दिवसांत सुटते.